चक्कीचे दोन आवाज

आमच्या घरी वरणावर झाकण ठेवायचं राहिलं, तर ते वरण घशाला चिकटत उतरायचं. स्वयंपाकघर आणि चक्की यांच्यामध्ये फक्त अंगण आणि एक कुडाची भिंत होती, आणि कुडाला ज्या फटी असतात त्या सगळ्या आमच्या भिंतीला होत्या. वडिलांची जिगटाची चक्की होती. मैदा लकडी नावाच्या झाडाची वाळलेली साल जंगलातून बैलगाड्यांनी यायची, लोखंडी हातोड्यांच्या यंत्रात दळली जायची आणि तिची तपकिरी, मऊ भुकटी, म्हणजे जिगट, थैल्यांत भरून अगरबत्तीवाल्यांकडे जायची. अगरबत्तीचा मसाला काडीला धरून राहतो तो या भुकटीमुळे. पाणी लागलं की डिंकासारखी चिकटते, कोरडी असली की इतकी हलकी, की दार लावलं तरी उठते. ती आमच्या केसांत असे, भांड्यांच्या उतरंडीवर असे, देवाच्या फोटोच्या काचेवर असे. आई रोज सकाळी काच पुसायची आणि म्हणायची, "देवाले बी मुंडावळ्या बांधल्या वो यानं."

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूलहून सिंदेवाहीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं आमचं गाव. भाताची शेती, मागे जंगल. घरात जेवणात दोन्ही वेळा भात, लाखोळीच्या डाळीचं वरण, अंबाडीची भाजी, आणि हिवाळ्यात आई सांबारवड्या तळायची. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. हे मी पुढे पुण्याच्या एका सहकाऱ्याला समजावून दमलो. पण त्या दिवसांची आठवण म्हणून मला चव आधी आठवत नाही, आवाज आठवतो. चक्की सुरू झाली की जमिनीतून एक घरघर चढायची आणि तांब्यातल्या पाण्यावर बारीक कंगोरे उमटायचे. आम्ही सगळे मोठ्याने बोलणारे लोक झालो ते त्यामुळेच. चक्की बंद असली की घरात कुजबूज ऐकू यायची, आणि कुजबूज ऐकू आली की आमच्या घरात कोणाला तरी काहीतरी वाटायचं.

आता चक्कीबद्दलची एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी आमच्या घराने कधी बाहेर सांगितली नाही. संध्याकाळी दळण थांबलं, की दिवसाचा माल कोठीच्या शेणाने सारवलेल्या जमिनीवर पसरला जायचा. आई किंवा कामावरच्या बाया सिंदीची फडी, म्हणजे झाडू, बादलीत बुडवून त्यावर हलके शिंतोडे उडवायच्या, वरखाली करायच्या, आणि मग माल थैलीत. या कामाला वडिलांनी नाव ठेवलं होतं, 'थंडावा देणं'. "माल गरम निघते, थंडावा नाई देल्ला तं जळून जाते," असं ते मला लहानपणी सांगत. मी मोठा झालो, चंद्रपूरला कॉलेजात रसायनशास्त्र शिकू लागलो, तेव्हा कळलं की थंडाव्याने जळणं वाचत नाही, वजन वाढतं. मी ते वडिलांना बोलून दाखवलं नाही. त्यांना माहीत होतं की मला कळलंय. व्यापाऱ्याचा माणूस आला की बादली आपोआप न्हाणीत जायची, आणि तेव्हा आम्ही एकमेकांकडे पाहत नसू.

चक्कीचा मिस्त्री हनीफ. मी त्याला हनीफभाऊ म्हणायचो. मूळचा मूलचा, लग्नानंतर आमच्या गावात घर केलेला. आमच्याकडे येण्याआधी तो दगडाच्या खाणीत सुरुंग लावायच्या कामावर होता. तिथल्या रंगीत तारा, लाल, पिवळ्या, तो घरी आणायचा. सुरुंग उडाल्यावर उरलेल्या तारा म्हणजे खाणीवाल्यांची फुकटची दोरी. त्याच्या बायकोने त्या तारांनी कोंबड्यांचा खुराडा बांधला होता, आणि आमच्या चक्कीतल्या चाळणीचा फुटका काठही त्याच तारेने विणून त्याने दिला होता. आईला त्याचं बोलणं आवडायचं. "बाई, तुमच्या हातचं वरण खाऊन माह्या पोटात जिगट बसलं, आता मी कुठी जात नाई," असं म्हणायचा.

पण उन्हाळ्यात त्याचं आणि वडिलांचं वाजलं. त्याने मुलीचं लग्न काढलं होतं, बल्लारपूरला. त्याला सुट्टी हवी होती, आणि वडिलांकडे माल अडकला होता. "पोरीचं लगन एकदाच होते मालक," तो म्हणाला. वडील म्हणाले, "माल बी एकदाच सडते." हनीफने पाना यंत्राच्या खोक्यावर आपटला. "आग लागो तुमच्या चक्कीले!" असं म्हणाला आणि निघून गेला. अंगणात साल निवडणाऱ्या बायांनी ते ऐकलं. आईने ऐकलं. मी सुट्टीत घरी होतो, मीही ऐकलं. आमच्याकडे गाय लाथ मारते तेव्हा तिलाही आग लागते, सायकल पंक्चर झाली की तिलाही लागते. त्या वाक्याला कोणी कान दिला नाही. कान नंतर दिला.

हनीफ लग्नाला गेला आणि परत आला. तो कामावर आला नाही, वडील बोलवायला गेले नाहीत. यंत्र वडील स्वतः चालवू लागले. साल आधी हाताने निवडायची असते, तिच्यात खिळा, बैलाच्या नालाचा तुकडा, काहीही असतं. ते काम घाईत होऊ लागलं. दळणाच्या खोलीत आड्यांवर, तुळयांवर, टिनाच्या पत्र्यांच्या आतल्या बाजूने भुकटीचे थर बसले होते. ते झाडायचे ते दिवाळीला. ही माझ्या नजरेसमोरची गोष्ट आहे, ऐकीव नाही. बोटाने नाव लिहिता येईल इतका जाड थर होता, आणि मी एकदा माझं नाव लिहिलंही होतं.

ते घडलं जेवणाच्या वेळी. मी अंगणात हात धूत होतो. आधी एक आवाज झाला, मोठा नाही; कोणीतरी रिकामं पिंप लाथेने पाडावं तसा. वडील दळणाच्या खोलीच्या दारात होते, ते वळले. मग दुसरा आवाज झाला, आणि त्याला मी आजही आवाज म्हणायला कचरतो, कारण तो कानाने नाही, छातीने ऐकला. पत्रे वर गेले. वडील पाठीवर पडले, अंगणात. दारातून पिवळी आग एकदाच बाहेर आली, जिभेसारखी, आणि परत आत गेली. आत शेवंताबाई होती. चाळणीवर बसून ती भुकटी चाळायची. तिचा नवरा आधीच गेलेला, आणि तिचा वामन नावाचा लहानगा पोरगा आमच्याच अंगणात गोट्या खेळत होता. तो रडला नाही. त्याने गोट्या खिशात भरल्या आणि आईच्या नावाने हाका मारू लागला. गावातल्या लोकांनी विहिरीचं पाणी ओतून ओतून आग विझवली. शेवंताबाईला ट्रकमध्ये घालून चंद्रपूरला नेलं. ती तिथेच वारली.

संध्याकाळपर्यंत गावाचा निष्कर्ष निघाला होता. दोन आवाज, म्हणजे दोन सुरुंग. धान्याची चक्की, मिरचीची चक्की, कितीतरी चक्क्या आहेत, कधी उडाल्या का? पीठ कधी उडते का? मग हे उडलं कसं? सुरुंग कोणाला लावता येतो? आणि आग लागो असं कोण म्हणालं होतं? साल निवडणाऱ्या बायांपैकी एकीने ते वाक्य चौकशीला आलेल्या पोलीस जमादाराला सांगितलं, आणि तिने सांगितलं म्हणून दुसरीनेही. जमादाराने हनीफच्या घरी झडती घेतली आणि खुराड्याच्या तारा सोडवून नेल्या. कोंबड्या गल्लीभर झाल्या. आमच्या चाळणीचा काठ कोणी सोडवला नाही. चाळणी जळून गेली होती.

त्यानंतरचे दिवस मी कधी विसरलो नाही, कारण त्या दिवसांत आमचं घर मला परकं वाटू लागलं. आई रॉकेलचा डबा कुलपात ठेवू लागली. भेटायला येणाऱ्याच्या हातात काय आहे, खिसा फुगलेला आहे का, हे वडील आधी पाहत आणि मग 'या' म्हणत. त्यांचे दोन्ही हात भाजले होते, कपड्यात गुंडाळलेले. आई त्यांना भरवायची, आणि घास घेताना ते दाराकडे पाहायचे. दूध देणारा गवळी हनीफच्या गल्लीतला होता, म्हणून आईने दूध बदललं. एकदा मी स्वयंपाकघरात शिरलो, तर ते दोघं बोलायचे थांबले. मला वाटलं, हे माझ्याबद्दलही बोलतात. कदाचित बोलतही असतील. हनीफनेच केलं, असं मात्र वडील एकदाही म्हणाले नाहीत. हे मी त्यांच्या बाजूने लिहून ठेवतो. जमादाराने विचारलं, "तुमाले कोणावर संशय?" वडील म्हणाले, "मी कोणाचं नाव नाई घेत." जमादाराने मान डोलावली आणि लिहिलं. नाव न घेताही नाव लिहिलं जातं, हे मी तेव्हा पाहिलं. हनीफला धरून चंद्रपूरला नेलं.

आत गेल्यावर हनीफने जमादाराला सांगितलं, की साहेब, मी काही लावलं नाही, ती भुकटीच पेटली असेल, फार उडते. मग जमादार आमच्याकडे आला आणि म्हणाला, चक्कीतला माल पाहिजे, तपासायला. वडिलांनी मला सांगितलं, "कोठीतला दे. चांगल्या थैलीतला दे. फाटक्यातला देऊ नको, आपल्या घरचा माल जाऊन राह्यला." पाहुण्याला फुटक्या कपात चहा द्यावा का, तसा तो प्रश्न होता त्यांच्यासाठी. दळणाच्या खोलीतलं सगळं आग आणि विहिरीच्या पाण्याने गेलं होतं. उरल्या होत्या त्या फक्त कोठीतल्या थैल्या, थंडावा दिलेल्या. मी त्यातली सगळ्यात नीट शिवलेली थैली उसवली, नवा टिनाचा डबा धुऊन वाळवला आणि भरला. हाताला भुकटी दमट लागली. मी केमिस्ट्रीचा विद्यार्थी होतो. मला दमट आणि कोरडं यातला फरक कळत होता, आणि मी झाकण लावलं.

चंद्रपूरच्या तपासणीत त्यांनी ती लोखंडावर ठेवून हातोडी मारली, आच दाखवली, काडी लावली. काही झालं नाही. पदार्थ स्फोटक नाही, असं उत्तर आलं. जमादार ते सांगायला आला तेव्हा आईने त्याला सांबारवडी दिली. "झालं," तो खात म्हणाला, "मंग भुकटी तं काई उडत नाई. बाहेरून कोणं तरी काई तरी लावलंच." वडिलांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. हनीफने म्हणे आतमध्ये थंडाव्याची गोष्टही काढली होती, की चक्कीतली भुकटी कोरडी असते, पाणी नंतर मारतात. जमादाराने वडिलांना विचारलं. वडील हसले. "आता तो माह्या मालाले बी बट्टा लावून राह्यला," ते म्हणाले. "पाहा, किती राग हाये त्याच्या पोटात." तेवढ्याने त्याचा राग सिद्ध झाला. ज्या बाया रोज फडी बुडवायच्या त्या खाली पाहत साल निवडत होत्या. चक्की परत उभी राहणार होती, त्यांना काम इथेच हवं होतं.

कागद पुढे नागपूरच्या एका सरकारी प्रयोगशाळेत गेले, आणि चंद्रपूरच्या उत्तरावर तिचं समाधान झालं नाही. तिथून निरोप आला, की पदार्थ स्फोटक नाही एवढं पुरेसं नाही, त्याच्या धुळीचं पाहावं लागेल. माल आणा आणि सोबत चक्की कशी चालते ते सांगू शकेल असा घरचा माणूस आणा. वडिलांचे हात बांधलेले होते. "तू जा," ते म्हणाले. एसटीच्या थांब्यापर्यंत ते सोबत आले. "इचारलं तेवढंच सांगजो बाबू. अन् जे आपल्या घरचं हाय ते घरचंच हाय." जमादाराने परत आणून दिलेला तोच डबा मांडीवर घेऊन मी नागपूरला गेलो. शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, काय आहे? मी म्हणालो, हळद.

तपासणी करणाऱ्या बाईंचं नाव सबनीस. साध्या सुती साडीवर पांढरा कोट, चष्म्याला एका बाजूला दोरा बांधलेला. त्या माझ्याशी बोलण्याआधी माझ्या डब्याशी बोलल्या असं म्हटलं तरी चालेल. झाकण उघडून वास घेतला, चिमूट बोटांत चोळली, आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "डबा कोणी भरला?"

"मी."

"नीट भरलाय," त्या म्हणाल्या. ती स्तुती नव्हती.

त्यांच्याकडे एक उभी, जाड काचेची नळी होती. तळाशी वाटी, वाटीत भुकटी, वर तारेचं लालभडक वेटोळं, आणि नळीच्या तोंडावर कागद ताणून बांधलेला. खालून हवेचा झटका दिला की भुकटी उडून नळीभर होते. त्यांनी आधी डब्यातली भुकटी जशीच्या तशी घातली आणि झटका दिला. ती गुठळ्यांनी उडाली आणि खाली पडली. काही झालं नाही. मला आतून सुटल्यासारखं वाटलं. मी हे मुद्दाम लिहितो. सुटल्यासारखं वाटलं, कारण त्या क्षणी मला वडील दिसत होते, हनीफ दिसत नव्हता.

मग त्यांनी त्यातली थोडी तोलली, भट्टीत वाळवली, परत तोलली. "ह्यात पाणी फार आहे," त्या म्हणाल्या. वाळलेली भुकटी बारीक चाळणीतून गाळली. गाळताना ती त्यांच्या मनगटावर बसली, आमच्या देवाच्या काचेवर बसायची तशी. ती नळीत घातली आणि मला म्हणाल्या, "मागे उभा राहा." झटका दिला. एक पिवळी आग वाटीतून वर धावली, नळीभर झाली, आणि कागद फाडून बाहेर पडली. फट्ट. मी तो आवाज ओळखला. रिकामं पिंप लाथेने पाडल्याचा.

"हे तुमच्या गावात दोनदा झालं असणार," त्या म्हणाल्या. माझ्याकडे न पाहता नळी पुसत होत्या. "सुरुंगाची दारू जळायला लागणारं सगळं पोटात घेऊन येते. धुळीला बाहेरची हवा लागते. तिच्या ढिगाला काडी लावलीस तर धुमसेल. तिच्यावर हातोडी मारलीस तर काहीच होणार नाही. पण उडवलीस तर प्रत्येक कणाला चहूकडून हवा मिळते, आणि सगळे एकदम जळतात. यंत्रात एक ठिणगी पडली, आतली धूळ पेटली, तो पहिला आवाज. त्या धक्क्याने छतावरची धूळ खाली आली आणि तिला आग आयती मिळाली. तो दुसरा. छतावर धूळ होती का?"

"होती."

"किती?"

 मी बोटाने त्यांच्या टेबलावरच्या धुळीत एक अक्षर काढलं. त्यांनी ते पाहिलं.

"आता एकच प्रश्न," त्या म्हणाल्या. "मी ही वाळवली. उद्या कोणी म्हणेल, बाईंनी वाळवून पेटवली, चक्कीत ती अशी ओलीच होती, तर माझ्याकडे उत्तर नाही. तू घरचा आहेस. चक्कीतून निघते तेव्हा ती कोरडी असते की ओली? आणि ओली असेल तर पाणी कुठून येतं?"

बाहेर कोणीतरी बादली ओढत नेत होतं. मी म्हणालो, "साल ओलसर असते बाई."  त्यांनी चष्मा काढला आणि पदराने पुसला, सावकाश, दोन्ही काचा. त्यांना माझा संशय आला होता आणि तो लपवण्याची त्यांना गरज वाटत नव्हती. "आत कोण आहे?" त्यांनी विचारलं. मी नाव सांगितलं. "तुमच्याकडे किती वर्षं होता?" मी सांगितलं. "तुझ्याशी कसा होता?" हा प्रश्न तपासणीचा नव्हता. माझ्या तोंडून एकदम निघालं, "पाणी आम्ही मारतो. दळल्यावर. वजनासाठी. चक्कीत ती कोरडी ठक्क असते." त्यांनी ते लिहून घेतलं आणि मी खाली सही केली. मी फक्त एवढं म्हणालो, की हे गावात वाचून दाखवू नका. "मला गावाशी काय करायचंय," त्या म्हणाल्या. त्यांच्या अहवालावर हनीफ सुटला.

मी घरी पोहोचलो तर वडील ओट्यावर बसले होते. "काय इचारलं?" "यंत्र कसं चालते ते." "अजून?" "काई नाई." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या गुंडाळलेल्या हातांकडे पाहिलं. त्यानंतर ते गेले त्या दिवसापर्यंत त्यांनी मला हे परत विचारलं नाही, आणि चक्कीच्या कोठीची किल्लीही परत माझ्या हातात दिली नाही. रात्री आईने ताट वाढलं, समोर बसली आणि हळूच म्हणाली, "खरं बोलला असशील तं मले सांगू नको. खोटं बोलला असशील तं बी सांगू नको." मग तिने माझ्या भातावर वरण घातलं.

इथपर्यंत मी बरा माणूस आहे. कित्येक वर्षं मी ही गोष्ट स्वतःला इथपर्यंतच सांगत आलो, आणि म्हणून मला माझ्या आठवणीचा भरवसा वाटत नाही. पुढचं असं आहे. हनीफ गावात परत आला, पण गावाच्या मनातून सुटला नाही. "पैसे चारले," काही म्हणाले. "पुरावा नाई भेटला," काही म्हणाले. पानठेल्यावर तो आला की बाकड्यावरचे लोक हळूहळू उठायचे. त्याच्या घराच्या भिंतीवर शेण मारलेलं एकदा मी पाहिलं. एका दुपारी तो आमच्या अंगणात आला. वडील होते, आई होती, मी होतो. तो बसला नाही. आईने पाणी दिलं, ते त्याने हातात धरून ठेवलं.

"मालक, मले काम नाई पायजे," तो म्हणाला. "मले पैसे नाई पायजे. बाबू नागपूरले गेला होता. तिथी काय पाह्यलं ते यानं चौकात एकदा सांगावं. पढालिखा पोरगा हाये, लोक ऐकतीन याचं. बस, एवढंच."

चक्की बंद होती. त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. त्याला माहीत नव्हतं की मी तिथे काय सांगून आलो आहे. वडिलांना नक्की माहीत नव्हतं. चौकात सांगितलं असतं, तर थंडावा बाहेर आला असता आणि व्यापारी गेले असते. पण ते लहान कारण होतं. मोठं कारण हे, की सुरुंग नव्हता, तर शेवंताबाई आमच्या छतावरच्या धुळीने मेली होती, जी आम्ही दिवाळीला झाडणार होतो. हे वडिलांनाही कळत होतं आणि मलाही. मी वडिलांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, मला मोकळं सोडलं. हेच मला पुढे छळत राहिलं. त्यांनी मला अडवलं नव्हतं.

"मी तिथी काई पाह्यलं नाई हनीफभाऊ," मी म्हणालो. "मले बाहेर बसवलं होतं."

 "असं का," तो म्हणाला. पाणी न पिता गडवा ओट्यावर ठेवला. पावसाळा सरायच्या आत तो बायकोला घेऊन बल्लारपूरला मुलीकडे गेला, आणि तो तिथेच वारल्याचं मी कोणाकडून तरी ऐकलं. तो गेल्यावर गावाला उरलासुरला संशयही राहिला नाही. निर्दोष असता तर गाव सोडलं असतं का?

मी पुढे जन्मभर रसायनशास्त्र शिकवलं. काचेच्या नळ्या हाताळल्या, शेकडो पोरांना तपासणी म्हणजे काय ते सांगितलं, की नमुना घेणाऱ्याचा हात खोटा असेल तर सगळ्यात महागडं यंत्रही त्याचीच खोटी साक्ष देतं. पोरं लिहून घ्यायची. वडील गेले, आई गेली, चक्की विकली गेली, आणि त्या जागेला गावात अजूनही 'हनीफनं उडवलेली चक्की' म्हणतात. आता माझं शरीर थकत आलं आहे. मी हे आताच का लिहितो आहे, असा संशय मलाच येतो. ज्यांना दुखलं असतं ते सगळे गेल्यावर खरं बोलणं सोपं असतं. म्हणून लिहिण्याआधी मी एका जिवंत माणसाला सांगायचं ठरवलं.

वामन आता आजोबा झाला आहे. गावात त्याचं किराणा दुकान आहे. मला त्याने खुर्ची दिली, नातीला चहा करायला सांगितला. "सर, तब्येत उतरली तुमची," म्हणाला. मी त्याला सगळं सांगितलं, नळी, पाणी, छतावरची धूळ, नागपूरची सही आणि अंगणातलं ते वाक्य. मधे एक बाई साखर घ्यायला आली, त्याने तोलून दिली आणि परत येऊन बसला.

"मंग हनीफनं नाई केलं," तो म्हणाला.

"नाही."

"हनीफच्या पोरीनं धाडलं का तुमाले?"

"नाही रे. ती असेल की नाही तेही मला माहीत नाही."

"मंग कोणं धाडलं? आता काऊन सांगून राह्यले? इतके वर्स याच रस्त्यानं येत जात होते. माह्या दुकानातून नारळ नेला तुमी, बापाच्या वर्षश्राद्धाचा. तवा नाई सांगितलं." त्याचा आवाज चढला नव्हता. तो मला तपासत होता, आणि त्याचा तो हक्क होता. "काई लिहून पायजे का माह्याकडून? माफ केलं म्हणून?"

"नको."

"मंग काय पायजे?"

 तो काउंटरवरचा तराजू उगाच सरळ करत राहिला.

"सर, मले मायचं तोंड नाई आठवत," तो म्हणाला. "फोटो बी नाई. लहान होतो. पण हनीफचं आठवते. त्याची दाढी आठवते, त्याचा पाना आठवते. मी त्याले रोज शिव्या देल्ल्या, झोपताना, जसं कोणी देवाचं नाव घेते. मायचं म्हणून माह्याजवळ तेवढंच होतं. तेबी तुमी आता घेऊन जाऊन राह्यले."

चहा आला. त्याची नात दारात उभी राहून आमच्याकडे आळीपाळीने पाहत होती.

"त्याचं तोंड सोड वामन," मी म्हणालो. "माझं ठेव."

तो माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. मी मान खाली घातली नाही.